बुंदीच्या अंगाखालचा बोरा

मित्रांनो, मी एक जुना बोरा आहे. तुमच्याकडे मला पोते म्हणत असतील. भिलाईत रुआबांधा सेक्टरच्या ज्या क्वार्टरमध्ये माझे आयुष्य गेले, तिथे सगळे मला बोराच म्हणत, म्हणून मीही स्वतःला तेच म्हणतो. माझ्या अंगावर ठिगळे आहेत, एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे, आणि मला असा वास येतो की आता कोणी माझ्यात धान्य भरणार नाही. तो एका कुत्रीचा वास आहे. तिचीच गोष्ट मी सांगणार आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी तागाचा. ताग पाण्यात कुजवतात, सोलतात, वाळवतात, मग गिरणीत त्याचा धागा होतो आणि धाग्याचा बोरा. नवा होतो तेव्हा माझ्या कडेला निळी पट्टी होती आणि अंग इतके कडक होते की रिकामा असलो तरी भिंतीला टेकून उभा राहत असे. आमगावजवळच्या एका खेड्यात पंजाबराव राहांगडाले नावाच्या शेतकऱ्याने माझ्यात नवा तांदूळ गळ्यापर्यंत भरला, सुतळीने तोंड शिवले आणि पाठीवर थाप मारली. त्यांचा धाकटा भाऊ भैयालाल भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला होता. दरवर्षी गावचा तांदूळ त्याच्याकडे जायचा.

“भैयालालले सांगजा,” रेल्वेत मला चढवताना पंजाबराव नेणाऱ्याला म्हणाले, “बोरा वापस नोको पाठवू म्हना. मजबूत हाय. घरी कामी येईन.”

ती माझी पहिली स्तुती. मला तिचा फार अभिमान वाटला होता.

भैयालालच्या घरी तांदूळ संपायला पावसाळा उजाडला. मग सिंधुताईंनी, म्हणजे भैयालालच्या बायकोने, मला उलटे करून झटकले, उन्हात वाळवले आणि माझ्यात गहू भरला. पुढे कांदे भरले. पुढे माझे पोट एका जागी उसवले, तेव्हा त्यांनी जुन्या पॅन्टच्या कापडाचे ठिगळ लावले. सिंधुताई काही फेकत नसत. मी कुलरच्या खाली अंथरला गेलो, अंगणात मिरच्या वाळवायला पसरला गेलो, दाराशी पाय पुसायला पडलो. बोऱ्याचे असेच असते. भरलेला असतो तोवर घरात जागा, रिकामा झाला की उंबऱ्याबाहेर.

उंबऱ्याबाहेर असतानाच बुंदी माझ्याकडे आली.

भैयालालची मुलगी दामिनी तेव्हा कॉलेजात होती. थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या नालीत तिला एक पिल्लू दिसले. पांढरे अंग आणि त्यावर बेसनाच्या बुंदीसारखे पिवळे ठिपके. तिने ते ओढणीत गुंडाळून घरी आणले. भैयालाल दुपारच्या पाळीला निघाले होते. त्यांनी पिल्लाची शेपटी वर करून पाहिली आणि तोंड वाकडे केले.

“मादी हाय,” ते म्हणाले. “मादी कावून आनली?”

“बाबा, नाली में पड़ी थी. नर-मादी देखके उठाती क्या?”

“आज नाई समजत. समजन तुले.”

पण त्यांनीच मला उचलून जिन्याखाली अंथरले. पिल्लू माझ्यावर गोल फिरले, एक घडी नाकाने वर केली आणि तिच्यात शिरून झोपले. त्या दिवसापासून मी बुंदीचा झालो. मित्रांनो, मी तांदूळ सांभाळला, गहू सांभाळला. पण ऊब देणारे काही मी तोपर्यंत कधी सांभाळले नव्हते.

बुंदी फार गुणी निघाली. भैयालालची स्कूटर वळणावर आली की तिला इतर गाड्यांतून तो आवाज कळे आणि ती माझ्यावरून उठून पळत सुटे. कोणत्याही पाळीहून ते येवोत, वळणापासून फाटकापर्यंत ती स्कूटरच्या बाजूने धावत येई. सिंधुताई तिला आमटीत कुस्करलेली पोळी घालत. दामिनीने तिच्या गळ्यात लाल पट्टा बांधला. शेजारच्या क्वार्टरमधल्या अन्नपूर्णाबाई सुद्धा म्हणत, “सिंधुताई, तुमच्या कुत्रीमुळं आमच्याही घराची राखन होऊन राहिली.”

ही तिची स्तुती. आता पुढचे ऐका.

बुंदी पहिल्यांदा माजावर आली तेव्हा सगळ्या सेक्टरचे कुत्रे फाटकाबाहेर बसले. भांडले, ओरडले, कुंपणाखालून खड्डा करून आत शिरले. ज्या अन्नपूर्णाबाई राखणीचे कौतुक करत होत्या, त्यांनी आपल्या छतावरून बादलीभर पाणी फेकले. भैयालालनी दोन दिवस बुंदीला न्हाणीघरात कोंडले. तिसऱ्या दिवशी सिंधुताई कपडे धुवायला शिरल्या आणि ती निसटली.

पिल्ले माझ्यावर झाली. तो सगळा ओलावा माझ्या अंगात मुरला. ती आंधळी पिल्ले माझ्या धाग्यांत नखे अडकवून आईकडे सरकत. बुंदी त्यांना चाटता चाटता मलाही चाटे. पिल्लू कुठे संपते आणि बोरा कुठे सुरू होतो, हे तिला जणू वेगळे वाटत नव्हते. मला वाटले, ज्यासाठी पंजाबरावांनी मला मजबूत म्हटले होते ते काम हेच असावे.

पिल्ले चालू लागली तशी दामिनी त्यांना घरे शोधू लागली. मैत्रिणींना विचारले, मोबाईलवर फोटो पाठवले. लोक आले. आले ते सगळे पिल्लू उचलून आधी तेच पाहत, जे भैयालालनी पाहिले होते. नर होते ते गेले. माद्या राहिल्या. एक गृहस्थ तर एक मादी घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आणून फाटकाच्या आत सोडून गेले. “आमाले मालूम नव्हतं मादी हाय म्हनून,” एवढेच बोलले.

मग सुटीच्या दिवशी दुपारी, दामिनी कॉलेजात असताना, भैयालाल जिन्याखाली आले. त्यांनी बुंदीला मागच्या अंगणात बांधले. मला उचलले, झटकले, माझे तोंड उघडले आणि राहिलेल्या माद्या एकेक करून आत ठेवल्या. फेकल्या नाहीत, हे सांगितले पाहिजे. हळू ठेवल्या. हवा लागावी म्हणून सुतळीही ढिली बांधली. मला स्कूटरवर दोन्ही पायांच्या मध्ये उभे केले आणि रेल्वेलाइन ओलांडून हथखोजला नेले.

हथखोज म्हणजे कारखान्यांची वस्ती. रस्त्यावर ट्रकच ट्रक, मातीला लोखंडाचा रंग. एका धाब्याच्या मागे, जिथे खरकटे टाकतात, तिथे त्यांनी माझे तोंड सोडले. पिल्ले बाहेर येईनात. जे ओळखीचे आहे ते सोडून अनोळखीत कोण जाईल? त्यांनी मला तळाकडून धरून उलटे केले.

“येथं भाकर भेटते,” ते म्हणाले. पिल्लांना म्हणाले की स्वतःला, मला कळले नाही. “टाकन कोनी तरी.”

घरी येऊन त्यांनी सांगितले की कारखान्याच्या चौकीदाराने सगळी पिल्ले ठेवून घेतली. दामिनीने विश्वास ठेवला. सिंधुताईंनी काही विचारले नाही. मला पुन्हा जिन्याखाली अंथरले. बुंदीने मला हुंगले. माझी एकेक घडी नाकाने उचलली, खाली पाहिले, माझ्या तोंडात डोके घालून आत पाहिले. पिल्लांचा वास होता, पिल्ले नव्हती. तिचे दूध माझ्यावर गळत राहिले आणि वाळून कडक झाले. तो डाग अजून आहे.

दुसऱ्या खेपेलाही हेच झाले. फरक एवढाच की या वेळी भैयालाल माझे तोंड उघडून उभे राहिले तेव्हा बुंदी भुंकली. ज्यांच्या स्कूटरसोबत ती रोज धावत होती, त्यांच्यावर ती पहिल्यांदा भुंकली.

पुढे दामिनीचे कॉलेज संपले आणि हथखोजच्याच एका लहान कारखान्याच्या ऑफिसात ती कामाला लागली. कामावर जाताना तो धाबा तिच्या वाटेवर होता. एका संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढता जिन्यापाशीच बसली. बुंदीचे डोके मांडीवर घेतले. भैयालाल अंगणात चहा पीत होते.

“बाबा, चौकीदार का नाम क्या था?” तिने विचारले.

“कोनता चौकीदार?”

“जिसने पिल्ले रखे.”

भैयालालनी कप तोंडाला लावला.

“एक अजून हाय तेथं,” दामिनी म्हणाली. ती घरातली मराठी क्वचितच पूर्ण बोलायची, त्या दिवशी बोलली. “असेच ठिपके हाय. मागचा एक पाय नाई. ट्रकखाली गेला असन. बाकीच्यायचं मी धाब्यावाल्याले विचारलं. तो हसला, बाबा. म्हने, कोनत्या वेळेसचे विचारून राहिली? येथं तं लोक रोजच आनून टाकते.”

“तं काय करू मी?” भैयालालनी कप खाली ठेवला. “साऱ्याच ठेवून घेऊ? प्लांटचा सायब क्वार्टर खाली करा म्हनन. तूच सांग, काय करू?”

मग सिंधुताई स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या.

“दामिनी झाल्यावर माहं नसबंदीचं ऑपरेशन झालं होतं. आमच्या मायच्या गावाले कॅम्प लागला होता. नर्सबाई घरी आली होती बलवाले, गाडीत बसवून नेलं, गाडीत बसवून घरी आनून सोडलं. वरून पैसे देल्ले. बाईचं एवढ्या लवकर होते, तं ह्या कुत्रीचं होत नाई का?”

“होते,” दामिनी म्हणाली. “कराले पायजे होतं पहलेच.”

मला तेव्हा वाटले, आता सुटलो. मित्रांनो, मी बोरा आहे, मला जगाची फार माहिती नाही.

पहिल्यांदा त्या शेजारच्या दुर्ग शहरात पद्मनाभपुरातल्या एका खासगी दवाखान्यात गेल्या. सिंधुताई आणि दामिनी ऑटोत, बुंदी मधे, आणि बुंदी घाबरू नये म्हणून तिच्या अंगावर मी. डॉक्टरबाई तरुण होत्या, स्वभावाने चांगल्या. बुंदीचे पोट चाचपून म्हणाल्या, तब्येत छान आहे, कधीही करू. मग त्यांनी खर्च सांगितला. सिंधुताईंनी दामिनीकडे पाहिले.

“मॅडम, इतने में हमारे घर का महीने भर का किराना आता है,” दामिनी म्हणाली. “थोडा कम नहीं होगा?”

“बेहोशी की दवा है, टाँके हैं, दो दिन रखना पड़ता है,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मेरा अपना कुछ नहीं जोड़ा, वही बता रही हूँ. सरकारी अस्पताल में पूछ लीजिए.”

त्यांनी बुंदीच्या कानामागे खाजवले आणि पुढच्या माणसाला आत बोलावले. त्याच्याजवळ केसाळ विलायती कुत्रा होता.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गाई-बकऱ्यांची रांग होती. तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितले की कुत्रीचे ऑपरेशन करणारे डॉक्टर शिबिराला गेले आहेत, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेलो तर बेहोशीचे औषध संपले होते, बाहेरून आणा म्हणाले. दामिनीने मेडिकल दुकाने पालथी घातली. ते औषध चिठ्ठीशिवाय मिळत नव्हते आणि चिठ्ठी देणारे डॉक्टर पुन्हा शिबिराला गेले होते. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ऑपरेशनच्या खोलीला कुलूप होते आणि खिडकीतून आत रचलेले खोके दिसत होते.

“तुमचा नंबर द्या, फोन करू,” तो कर्मचारी म्हणाला.

फोन आला नाही. सिंधुताईंनी दोनदा स्वतः केला, तो कोणी उचलला नाही. आणि या हेलपाट्यांत महिने सरले, फाटकाबाहेर पुन्हा कुत्रे बसले आणि बुंदीला तिसऱ्यांदा पिल्ले झाली.

या वेळची गोष्ट मला सांगवत नाही, तरी सांगतो. भैयालाल नेहमीप्रमाणे सुटीच्या दुपारी, दामिनी कामावर असताना, आले. पण या खेपेला बुंदी कोणाला जवळ येऊ देईना. भैयालालना एका हाताने तिला आवरणे आणि दुसऱ्या हाताने पिल्ले भरणे जमेना. तेव्हा सिंधुताई उठल्या. पदर खोचला आणि माझे तोंड दोन्ही हातांनी ताणून धरले. त्याच हातांनी त्यांनी मला ठिगळे लावली होती. पिल्ले आत पडत असताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, भिंतीकडे पाहत होत्या.

“ह्या बारीनं बंद,” त्या म्हणाल्या. “काहीही करीन, पन हे बंद.”

त्यानंतर काही दिवसांनी सेक्टरमध्ये कुत्री पकडणारी गाडी आली. एका ठेकेदाराची गाडी होती, जाळीची. रस्त्यावरची कुत्री नेऊन, ऑपरेशन करून, परत आणून सोडायची असा तिचा करार होता. फुकट. सिंधुताई बुंदीला दोरीने धरून धावतच गेल्या. गाडीवरच्या माणसाने लाल पट्टा पाहिला आणि हात हलवला.

“अम्मा, ये तो पालतू है. हमको सिर्फ़ आवारा उठाना है.”

“आवाराच होती, भाऊ. नालीत भेटली.”

“अब तो आपकी है. पालतू वाला अस्पताल में होता है.”

“अस्पताल में नहीं होता. तीन बार गये.”

“तो हम क्या करें?” तो चिडून बोलला नाही, दिवसभर हेच ऐकून थकलेल्या माणसासारखा बोलला. “पट्टा दिखेगा तो हमारा बिल कटेगा.”

सिंधुताईंनी बुंदीच्या पट्ट्याला बोट लावले. मग त्यांनी विचारले, “अन् पट्टा नाई रायला तं?”

त्या माणसाने इकडेतिकडे पाहिले. “बिना पट्टे वाले का हम किसी से नहीं पूछते. परसों फिर आएँगे इधर.”

मित्रांनो, बुंदीचा गुन्हा पाहा. घर होते म्हणून तिला फुकट उपचार नव्हता, आणि घर गरीब होते म्हणून विकतचा नव्हता. ती बेवारस असती तर गाडीत बसली असती, केसाळ असती तर दवाखान्यात. ती अधलीमधली होती.

दामिनी कामावर गेली होती. सिंधुताईंनी तिला विचारले नाही. गाडी आली त्या दिवशी त्यांनी जिन्याखाली बसून बुंदीच्या गळ्यातला पट्टा काढला, तिला तूप लावलेली पोळी खाऊ घातली आणि फाटकाबाहेर सोडून फाटक लावून घेतले. बुंदी बाहेर जायला तयार नव्हती. ती फाटकाला पाठ टेकून बसली. जाळे तिच्यावर तिथेच पडले. मी जिन्याखालून तिचा आवाज ऐकला. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तो येत होता.

“येथंच आनून सोडजा, बापू,” सिंधुताई फाटकातून म्हणाल्या. “हाच रस्ता.”

“हाँ, हाँ,” तो म्हणाला.

गाडी परत आली. तिच्यातून उतरवलेल्या कुत्र्यांचे डावे कान टोकाला कापलेले होते. ऑपरेशन झाल्याची ती खूण. त्यात बुंदी नव्हती. दुसऱ्या फेरीतही नव्हती. दामिनीला कळले तेव्हा ती आईला काहीच बोलली नाही, आणि ते न बोलणे सिंधुताईंना फार लागले. दोघी त्या ठेकेदाराच्या केंद्रावर गेल्या. त्या दिवशी मी सोबत नव्हतो. पण परत आल्यावर सिंधुताईंनी जिन्यावर बसून भैयालालना सांगितले ते ऐकले.

“तो म्हने, जहाँ से उठाया वहीं छोड़ दिया. मी म्हटलं, नाई सोडली. तं म्हने, तुम्हारी थी? म्हटलं, हो. म्हने, तुम्हारी थी तो पट्टा क्यों नहीं था?”

भैयालाल उठले. त्यांनी मला घडी करून स्कूटरवर ठेवले. “ह्याचा वास ओळखन बुंदी,” म्हणाले. त्यानंतर ते प्रत्येक पाळी सुटल्यावर निघत. बाजार, पुलाखालच्या जागा, कचऱ्याचे ढीग. कुत्री दिसली की स्कूटर थांबवून मला उघडून धरत आणि हाक मारत. लोक हसत. प्लांटमधली भट्टीसमोरची पाळी करून आलेला माणूस रस्त्यावरच्या कुत्र्यांना रिकामे पोते दाखवत फिरतो, हे हसण्यासारखेच दिसत असेल.

शेवटी ती रेल्वेलाइनपलीकडे एका भंगाराच्या दुकानापुढे सापडली. तिथली कुत्री तिला जवळ येऊ देत नव्हती, म्हणून ती दोन तुटक्या कपाटांच्या मध्ये बसली होती. कान कापलेला. पोटाचे टाके एका बाजूने उघडे पडून चिघळले होते. भैयालालनी हाक मारताच तिने डोके उचलले. शेपटी हलली. ती पोट ओढत, कण्हत त्यांच्याकडे निघाली.

आणि मग त्यांनी मला उघडले.

तिला ऊब वाटावी, आपले अंथरूण दिसावे म्हणून उघडले. पण बुंदीने माझे उघडे तोंड पाहिले आणि ती जागच्या जागी थांबली. तिची शेपटी पायांत गेली. ती मागे सरकू लागली, कपाटांच्या फटीत पुन्हा शिरली आणि तिथून दात दाखवून गुरगुरली. माझ्यावर ती वाढली होती, माझ्यावर ती व्याली होती. पण शेवटी तिच्या लक्षात राहिले ते एवढेच, की हे तोंड उघडले की कोणीतरी नाहीसे होते.

मग भैयालालनी मला स्कूटरच्या मागे, तिला दिसणार नाही असे टाकले. स्वतः जमिनीवर बसले, गळ्यातला गमछा काढला आणि हात पुढे केला.

“ये, बाई,” ते म्हणाले. “बोरा नाई आनला. पाह्य, बोरा नाई.”

ती आली. त्यांनी तिला गमछ्यात गुंडाळून मांडीवर घेतले.

बुंदी वाचली. पद्मनाभपुरातल्या त्याच डॉक्टरबाईंनी जखम धुतली, पुन्हा टाके घातले, इंजेक्शने दिली. त्याला जो खर्च आला तो त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेल्या खर्चापेक्षा जास्त होता. सिंधुताईंनी तो आपली अंगठी देऊन भागवला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तभी करा लेते तो...” आणि पुढचे त्यांनी गिळले. सिंधुताई मान खाली घालून उभ्या होत्या.

आता ती घरी असते. जखम भरली. फाटकाबाहेर कुत्री जमत नाहीत. पण स्कूटरचा आवाज आला तर ती उठत नाही. कान हलवते आणि पडून राहते. दामिनीने पट्टा पुन्हा बांधायला घेतला तेव्हा तिने मान खाली घालून बांधून घेतला, त्यात आनंद नव्हता. जिन्याखाली मला पुन्हा अंथरले तर ती थंडीतही माझ्या शेजारी उघड्या सिमेंटवर झोपली. मग सिंधुताईंनी मला उचलून कुंपणाच्या भिंतीवर टाकले आणि तिच्यासाठी जुनी सतरंजी काढली.

भिंतीवरून मला अन्नपूर्णाबाईंनी उचलले.

त्यांच्या मुलाने पिल्लू आणले आहे. सुंदर आहे, तांबूस, मोठ्या कानांचे. मादी आहे. तिला अंथरायला काही हवे होते.

“सिंधुताई, हा बोरा नेते मी. तुमच्या कामाचा नाई आता.”

“न्या,” सिंधुताई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, “अन्नपूर्णाबाई, तिचं ऑपरेशन आत्ताच करून टाका. माजावर येयाच्या पहले. पैसे जमवा हळूहळू, मी येते तुमच्यासंगं. कोनत्या डॉक्टरकडं जाचं ते सांगते. माह्यासारखं नोका करू.”

“पाहू ना. अजून तं लहान हाय,” अन्नपूर्णाबाई हसल्या. तेवढ्यात भैयालाल बाहेर आले. त्यांना पाहून त्या म्हणाल्या, “अन् नाईच जमलं तं भाऊ हाय ना. भाऊले जागा मालूम हाय. सोडून देतीन.”

भैयालाल चप्पल पायात घालायला बाहेर आले होते, ती न घालताच आत गेले.

मित्रांनो, आता मी कुंपणाच्या या बाजूला आहे. ते तांबूस पिल्लू माझ्यावर झोपते आणि दुपारी माझे ठिगळ चावते. त्याला मी आवडतो. अन्नपूर्णाबाई वाईट नाहीत. भैयालाल वाईट नव्हते. ती डॉक्टरबाई, तो दवाखान्यातला माणूस, तो गाडीवाला, कोणीच वाईट नव्हते, आणि तरी तीन खेपांच्या राहिलेल्या माद्या हथखोजच्या मातीत गेल्या. मी त्यांना तिथे नेले. मला पाय नाहीत, पण मला नेणारे हात नेहमी मिळतात.

तुमच्या घरी मादी असेल, तर तिच्याकडे आज पाहा. ती लहान आहे तेव्हाच विचारपूस सुरू करा. कारण विचारपूस लांबते आणि तिचे दिवस थांबत नाहीत. एका दाराने नाही म्हटले तर दुसऱ्या दारी जा, आणि एकटे जाऊ नका, शेजाऱ्याला घेऊन जा. आपल्या वस्तीतल्या चार घरांनी मिळून डॉक्टरांकडे शब्द टाका. दवाखान्याला कुलूप असेल तर ते का आहे हे मोठ्यांना विचारायला लावा. आणि काही झाले तरी गळ्यातला पट्टा काढून तिला फाटकाबाहेर उभी करू नका.

हे पिल्लू अजून माजावर आलेले नाही. पुढच्या थंडीपर्यंत येईल. म्हणजे वेळ आहे. अन्नपूर्णाबाई रोज सकाळी मला झटकतात, पुन्हा अंथरतात आणि म्हणतात, बोरा मजबूत आहे. मी त्यांच्याशी बोलू शकत नाही. तुम्ही त्यांना सांगाल का?